२४ पोर्टचा टर्मिनल सर्व्हर बांधायचाय, मल्टीपोर्ट सिरीयल कार्ड कुठलं घ्यावं?

रॅकमागचा

नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय. लॅबमधे राउटर, स्विच, काही जुने सन सर्व्हर आणि बरेच लिनक्स सर्व्हर मिळून वीस कन्सोल (यंत्राशी थेट बोलायचे सिरीयल पोर्ट) आहेत, शिवाय चार खरेखुरे व्हीटी टर्मिनल (जुने स्क्रीन-कीबोर्डवाले) आहेत जे रोज वापरात आहेत आणि काढायचे नाहीयेत. म्हणजे २४ पोर्ट. हे सगळं एका युनिक्स मशीनवर आणायचंय, कुठूनही एसएसएच करून हवा तो कन्सोल धरता आला पाहिजे आणि प्रत्येक कन्सोलवर काय काय छापलं गेलं त्याचा लॉग राहिला पाहिजे. लिनक्स किंवा ओपनबीएसडी, दोन्ही चालतील, दोन्हीची सवय आहे.

अडलंय ते कार्डावर. आठ पोर्टची तीन घ्यावीत की सोळाचं एक आणि आठचं एक? स्वतःचा प्रोसेसर असलेली जुनी इंटेलिजंट कार्डं सेकंडहँड मिळतायत, ती घेण्यात अर्थ आहे का? की साधी यूएआरटी (सिरीयल पोर्ट चालवणारी) चिप असलेली पीसीआय एक्सप्रेस कार्डं बरी? आणि यूएसबीवर चार-चार पोर्टचे कन्व्हर्टर लावले तर काय बिघडतं? कन्सोल बहुतेक ९६०० वर (सेकंदाला इतके बिट) आहेत, लिनक्सवाले ११५२०० वर. ज्यांनी असा सेटअप खरंच चालवलाय त्यांनी सांगावं, डेटाशीट मी वाचू शकतो.

पिन_सात

पोर्ट किती आणि स्पीड किती हे नंतर बघा, आधी कार्डावर चिप कुठली आहे ते विचारा. विकणारा सांगत नसेल तर फोटो मागवा आणि चिपवरचा नंबर वाचा, कारण एकाच मॉडेल नंबरखाली वेगवेगळ्या चिप येतात.

कारण असं की साध्या कार्डात सगळं काम तुमचा मेन प्रोसेसर करतो, आणि त्याला किती वेळ मिळतो हे चिपच्या फिफोवर (अक्षरं तात्पुरती धरून ठेवणाऱ्या बफरवर) ठरतं. १६४५० मधे एकच बाइटचा बफर होता, १६५५०ए मधे १६ बाइट, ऑक्सफर्डच्या १६सी९५० मधे १२८, एक्सारच्या एक्सआर१७व्ही३५८ मधे दर पोर्टला २५६. आता हिशोब करा. ११५२०० ला एका अक्षराचे दहा बिट धरले तर सेकंदाला ११५२० अक्षरं, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदाला एक. लिनक्सचा ड्रायव्हर १६५५०ए ला ८ बाइट भरले की इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) घेतो, उरले ८, म्हणजे कर्नलने साधारण ७०० मायक्रोसेकंदात येऊन फिफो रिकामा केला नाही की अक्षरं सांडायला लागली. ९६०० ला हाच वेळ ८ मिलिसेकंदाच्या वर जातो, तिथे कुठलीही चिप चालते.

तुम्ही म्हणाल कन्सोल तर दिवसभर गप्प असतात. असतात, पण वीज जाऊन आली की सगळी यंत्रं एकदम बूट होतात आणि सगळी एकदम बोलायला लागतात, आणि नेमका तोच लॉग तुम्हाला नंतर वाचायचा असतो. समजा वाईटात वाईट धरून २४ च्या २४ पोर्ट ११५२०० वर भरून वाहतायत, तर सेकंदाला पावणेतीन लाख अक्षरं झाली. साध्या ८२५० ड्रायव्हरमधे प्रत्येक अक्षरामागे दोन रजिस्टर वाचावी लागतात, एक डेटा आणि एक लाइन स्टेटस, आणि बसवरून असं एक वाचन म्हणजे साधारण एक मायक्रोसेकंद प्रोसेसर नुसता थांबून. म्हणजे अर्ध्याहून जास्त कोअर फक्त वाट बघण्यात गेला. आजच्या मशीनला ते झेपतं, पण फिफो मोठा असेल तर इंटरप्टची संख्या तरी पडते आणि कर्नल दुसरीकडे अडकला तरी अक्षरं थांबून राहतात. म्हणून माझं मत, नवीन घेत असाल तर एक्सार किंवा ऑक्सफर्ड, आठ पोर्टची तीन. सोळाचं एकच घेतलं आणि ते गेलं तर सोळा कन्सोल एका झटक्यात आंधळे, आणि तीन सारखी असली की चौथं स्पेअर म्हणून कपाटात ठेवता येतं.

इंटेलिजंट कार्डं मात्र घेऊ नका. ती ३८६-४८६ च्या काळासाठी होती, तेव्हा दर अक्षराला इंटरप्ट घेणं मशीनला खरंच परवडत नव्हतं म्हणून कार्डावर वेगळा प्रोसेसर आणि मेमरी द्यायचे. त्या काळी उत्तम माल होता यात वाद नाही. पण प्रत्येकाला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, बऱ्याच कार्डांना बूटच्या वेळी फर्मवेअर चढवावं लागतं, आणि ते ड्रायव्हर आता उरलेले नाहीत. २०२१ मधे लिनक्स ५.१३ मधून सायक्लेड्स आणि रॉकेटपोर्टचे ड्रायव्हर काढून टाकले, स्टॅलियन, स्पेशालिक्स वगैरे तर त्याच्या बरेच आधी गेले. हार्डवेअर ठणठणीत आणि कर्नल ओळखत नाही अशी अवस्था होते. जे कार्ड साध्या १६५५० सारखं दिसतं ते लिनक्सच्या ८२५० ड्रायव्हरवर आणि बीएसडीत पीयूसी ड्रायव्हरवर चालतं, आणि ते ड्रायव्हर इतक्यात कुठे जात नाहीत. ओपनबीएसडी नक्की करणार असाल तर विकत घ्यायच्या आधी पीयूसीचं मॅन पेज उघडून तुमचं कार्ड त्यात आहे का तेवढं बघा.

जुनाटर्मिनल

पिन_सात यांचं चिपबद्दलचं सगळं पटलं, पण तुमच्याकडे सन सर्व्हर आहेत हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण तुमच्यासाठी फिफोपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. टर्मिनल सर्व्हर रीबूट झाला, बंद केला किंवा त्याची वीज गेली तर कार्ड लाइनवर काय पाठवतं?

आरएस-२३२ मधे लाइन निवांत असते तेव्हा ती निगेटिव्ह व्होल्टेजवर असते. ती पॉझिटिव्हला जाऊन एका पूर्ण अक्षरापेक्षा जास्त वेळ तिथेच राहिली की समोरचा त्याला ब्रेक समजतो. ९६०० ला एक अक्षर म्हणजे साधारण एक मिलिसेकंद, तेव्हा कार्डाचा ड्रायव्हर आयसी वीज चढताना किंवा उतरताना दोन-चार मिलिसेकंद पॉझिटिव्हला जरी गेला तरी तो ब्रेक झाला. आणि स्पार्कवाल्या सन मशीनला सिरीयल कन्सोलवर ब्रेक मिळाला की ती चालू ऑपरेटिंग सिस्टम जागच्या जागी थांबवून फर्मवेअरच्या ओके प्रॉम्प्टवर येऊन बसते. मशीन मेलेलं नसतं, गो टाइप केलं की पुढे चालू होतं, पण तोवर त्यावरची प्रत्येक सर्व्हिस बंद. टर्मिनल सर्व्हरचा कर्नल अपडेट करायला म्हणून रीबूट मारावा आणि तेवढ्यात सगळे सन एकदम गप्प व्हावेत असा प्रकार पूर्वी एका ठिकाणी डोळ्यासमोर झालाय, आणि कार्ड काही स्वस्तातलं नव्हतं. ओके प्रॉम्प्ट बघेपर्यंत सगळेजण नेटवर्कवर संशय घेऊन बसले होते.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करा. एक, सोलॅरिसमधे पर्यायी ब्रेक चालू करा. ईटीसी डिफॉल्ट केबीडी या फाइलमधे कीबोर्ड अबॉर्टची किंमत अल्टरनेट करायची आणि केबीडी कमांड आयच्या स्विचसकट चालवायची, मग खरा ब्रेक आला तरी मशीन दुर्लक्ष करतं आणि मुद्दाम एंटर, टिल्डे, कंट्रोल-बी असं ओळीने दाबलं तरच थांबतं. पण हे ऑपरेटिंग सिस्टम चालू असतानाच लागू होतं हे लक्षात ठेवा, बूट होताना मशीन अजून उघडंच असतं. दोन, कार्ड रॅकमधे लावायच्या आधी त्याची परीक्षा घ्या. समोर एक साधं मशीन ठेवा जे ब्रेक आला की नोंद करतं, लिनक्समधे प्रॉकखालच्या टीटीवाय ड्रायव्हर सिरीयल फाइलमधे बीआरके (ब्रेक) आणि एफई (फ्रेम एरर) हे आकडे दिसतात, आणि मग कार्डवालं मशीन सॉफ्ट रीबूट करा, बटणाने बंद करा, थेट प्लग ओढा, प्रत्येक वेळी ते आकडे वाढतात का बघा. तीनही प्रकार करायचे, कारण रीबूटला शांत असलेलं कार्ड प्लग ओढल्यावर ब्रेक टाकू शकतं. आकडे जिथल्या तिथे राहिले तर कार्ड चांगलं. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही, ट्रान्समिटच्या पिनवर लावून सरळ डोळ्यांनी बघा.

राउटरचंही थोडं असंच, सिस्कोचे बरेच राउटर बूटच्या पहिल्या ६० सेकंदात ब्रेक आला तर रॉममॉनमधे (राउटरच्या दुरुस्तीच्या मोडमधे) जाऊन बसतात. वीज येते तेव्हा तुमचा टर्मिनल सर्व्हर आणि राउटर एकाच वेळी चढत असतात, म्हणजे नेमका तोच ६० सेकंदांचा काळ. टर्मिनल सर्व्हरला यूपीएसवर ठेवा, ती चैन नाही. लिनक्सचे कन्सोल त्या मानाने सुरक्षित, तिथे नुसता ब्रेक येऊन काही होत नाही, त्यानंतर पाच सेकंदांच्या आत सिसआरक्यूचं (कर्नलला थेट हुकूम देणारं) अक्षर यावं लागतं.

वाय_केबल

केबलबद्दल कोणीच बोललं नाही आणि रोजचा त्रास तिथेच होतो. आठ पोर्टच्या कार्डाच्या पट्टीवर आठ डीबी९ (नऊ पिनचे सिरीयल कनेक्टर) मावत नाहीत, म्हणून मागे ६२ किंवा ६८ पिनचा एकच मोठा कनेक्टर असतो आणि त्यातून आठ शेपट्यांची ऑक्टोपस केबल निघते. ती जाड आणि जड असते, दोन स्क्रूंवर लोंबकळत ठेवली की काही महिन्यांत कनेक्टर किंचित वाकडा होतो आणि मग एखादाच पोर्ट कधी चालतो कधी नाही. असा फॉल्ट शोधणं फार जिकिरीचं असतं कारण हात लावला की तो बरा होतो. केबल रॅकच्या पट्टीला बांधूनच टाका. सेकंडहँड घेताना कार्डाबरोबर तीच केबल मिळतेय ना ते आधी बघा, पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, दुसऱ्या कंपनीची केबल बसते पण चालत नाही.

शक्य असेल तर आरजे४५ चा ब्रेकआउट बॉक्स असलेलं कार्ड घ्या. मग साधी नेटवर्क केबल वापरून दर यंत्रापाशी एक छोटा अडॅप्टर लावायचा. आरजे४५ ची मांडणी मात्र सगळ्यांची एक नाही, सिस्कोची एक, सायक्लेड्सची एक, योस्टची एक. तुमची एक ठरवा आणि सगळे अडॅप्टर तिच्याप्रमाणे करा, अधेमधे मिसळू नका. योस्टच्या मांडणीचा फायदा असा की प्रत्येक टोक सारखंच असतं, सगळीकडे एकाच जातीची उलटी केबल, नल मोडेम (पाठवायची-घ्यायची तार अदलाबदल केलेली केबल) की सरळ हा प्रश्नच राहत नाही.

लांबीचं म्हणाल तर १५ मीटरची जुनी मर्यादा ही खरं म्हणजे कपॅसिटन्सची गोष्ट आहे, नंतरच्या स्टँडर्डमधे २५०० पिकोफॅरड अशीच लिहिलीय. कॅट ५ चं मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड, त्यावर थोडं स्ट्रे धरलं तरी ९६०० ला तीसेक मीटर बिनधास्त जाते. ११५२०० वाले जवळच्या रॅकमधेच ठेवा.

यूएसबीबद्दल: दोन-चार पोर्टला छान आहे, मी स्वतः लॅपटॉपला वापरतो. २४ कन्सोलला नको. एक हब रीसेट झाला की त्यावरचे सगळे पोर्ट गायब होऊन परत येतात, आणि परत येताना नावं बदलून येतात, यूडेवचे (लिनक्समधे उपकरणांना नावं देणाऱ्या प्रोग्रॅमचे) नियम लिहून नावं पक्की करता येतात पण मधल्या दोन सेकंदांचा लॉग गेला तो गेलाच. शिवाय बाजारात नकली चिपही भरपूर फिरतात.

रॅकमागचा

सगळ्यांचे मनापासून आभार, ब्रेकचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. सनचे अल्टरनेट सेटिंग आजच करतो. दोन शंका उरल्यात. त्या चार व्हीटी टर्मिनलसाठी पण तेच मोठ्या फिफोचं कार्ड चालेल ना? आणि या पोर्टवर गेटी (लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) चालवायची का नाही?

पिन_सात

टर्मिनलसाठी जरा थांबा, इथे मोठा फिफो उलटा त्रास देऊ शकतो.

व्हीटी टर्मिनल सहसा आरटीएस-सीटीएस (थांब-चल सांगणाऱ्या वेगळ्या तारा) वापरत नाहीत, ते स्क्रोल करताना मागे पडले की एक्सऑफ (‘थांब’ सांगणारं अक्षर) पाठवतात. व्हीटी१०० चं उदाहरण घ्या, त्याचा बफर ६४ अक्षरांचा, ३२ भरली की एक्सऑफ जातो, म्हणजे पुढची ३२ अक्षरंच तो झेलू शकतो. आता कार्डात १२८ किंवा २५६ बाइटचा ट्रान्समिट फिफो भरून ठेवलेला असेल आणि एक्सऑफ ओळखायचं काम कर्नल करत असेल, तर कर्नल नवीन देणं थांबवतो पण चिपमधे आधीच गेलेलं सगळं बाहेर पडतंच. मोठी फाइल कॅट केली की स्क्रीनवर मधली अक्षरं गायब होऊन कचरा दिसायला लागतो आणि माणूस केबल बदलत बसतो. १६सी९५० सारख्या चिपमधे एक्सऑन-एक्सऑफ चिपच्या आतच ओळखायची सोय आहे, पण ड्रायव्हर ती चालू करतो का ते बघावं लागतं. तुमचे चारच टर्मिनल आहेत, तर सरळ चार पोर्टचं १६५५०ए चं वेगळं कार्ड त्यांना द्या, १६ बाइट जास्तीचे आले तर व्हीटी ते आरामात झेलतो. असं केलंत तर बाकीच्या वीस कन्सोलना आठची तीन घेऊन चार पोर्ट शिल्लकही राहतात.

गेटी फक्त त्या चार टर्मिनलच्या पोर्टवर. कन्सोलच्या पोर्टवर चुकूनही नको, कारण समोरच्या सर्व्हरवर पण गेटीच बसलेली असते, मग इकडची लॉगिन विचारते, तिकडची ते युजरनेम समजून पासवर्ड विचारते, आणि दोघी रात्रभर एकमेकींना विचारत बसतात आणि दोन्हीकडचे लॉग फेल लॉगिनने भरतात. कन्सोलच्या पोर्टवर इको पण बंद ठेवा. लॉगसाठी कॉन्सर्व्हर घ्या, तो पोर्ट कायम उघडा ठेवून सगळं लिहून ठेवतो, आणि एकजण टाइप करत असताना बाकीचे नुसते बघू शकतात, हे अडचणीच्या वेळी फार कामाला येतं.

जुनाटर्मिनल

टर्मिनलच्या पोर्टबद्दल एक सुरक्षेची गोष्ट जोडतो. तीन तारांची केबल लावू नका, डीटीआर आणि डीसीडी (समोरचं यंत्र चालू आहे हे सांगणाऱ्या तारा) पण जोडा आणि त्या पोर्टवर क्लोकल (डीसीडीकडे दुर्लक्ष करायचं सेटिंग) बंद ठेवा. मग टर्मिनल बंद केला की डीसीडी पडतो, कर्नल हँगअप पाठवतो आणि लॉगिन संपतं. तीन तारांत हे होत नाही, कोणी रूट म्हणून लॉगिन करून नुसता टर्मिनल बंद करून गेला तर पुढचा माणूस तो चालू करतो आणि थेट रूटच्या शेलमधे असतो. कन्सोलच्या बाजूला याच्या उलट, तिथे क्लोकल चालू, नाहीतर समोरचा सर्व्हर बंद असताना पोर्ट उघडायलाच अडून बसेल. बीएसडीत यासाठी टीटीवाय आणि सीयूए अशी दोन वेगळी नावंच असतात, कन्सोलला सीयूएवालं वापरा.

अर्धा_डुप्लेक्स

उशिरा लिहितोय. हे सगळं बांधण्यापेक्षा तयार कन्सोल सर्व्हरची पेटी का नको? ३२ पोर्ट, आरजे४५, एका यू मधे बसते, पंखे-डिस्क काही नाही, बिघडायला फार काही नसतंच त्यात. आमच्याकडे तीच आहे आणि कोणाला आठवणही येत नाही तिची.

पिन_सात

नवीन पेटी आणि कंपनी अजून अपडेट देत असेल तर जरूर, त्यात वाईट काहीच नाही. पण सेकंडहँड पेट्यांचं फर्मवेअर थांबलेलं असतं. ओपनएसएसएचने २०१५ मधे ७.० पासून ग्रुप१-शा१ ची किल्ली-अदलाबदल क्लायंटमधे बंद केली, २०२१ मधे ८.८ पासून शा१ वाल्या आरएसए सह्या पण बंद, त्यामुळे जुन्या पेटीत शिरायला मुद्दाम जुने अल्गोरिदम चालू करावे लागतात. ज्या पेटीतून सगळ्या सर्व्हरच्या रूट कन्सोलवर जाता येतं तिचंच एसएसएच सगळ्यात जुनं, हे मला मान्य नाही. स्वतःच्या मशीनवर निदान ते दर महिन्याला अपडेट करता येतं.

रॅकमागचा

ठरलं मग. एक्सारचं आठ पोर्टचं कार्ड तीन आणि एक स्पेअर, टर्मिनलना चार पोर्टचं साधं, लिनक्स, वर कॉन्सर्व्हर, खाली यूपीएस. एक कार्ड ओळखीच्यांकडून उसनं आणून लावून बघितलं तर एलएसपीसीआय मधे (पीसीआय कार्डांच्या यादीत) व्यवस्थित दिसतंय पण मदरबोर्डचा एक धरून चारच टीटीवायएस (लिनक्समधले सिरीयल पोर्ट) तयार झालेत, पुढचे नाहीतच. कार्ड खराब आहे का?

वाय_केबल

कार्ड ठीक आहे. ८२५० ड्रायव्हर बूटच्या वेळी किती पोर्टना जागा ठेवायची हे आधीच ठरलेलं असतं आणि बऱ्याच कर्नलमधे तो आकडा ४ च असतो. ग्रबमधे (बूटलोडरमधे) कर्नलच्या ओळीला ८२५० डॉट एनआर अंडरस्कोर यूएआरटीज बरोबर ३२ असं जोडा, ग्रब अपडेट करून रीबूट करा. कर्नल बांधतानाच कमाल मर्यादा त्याहून कमी ठेवली असेल तर एवढ्याने भागणार नाही, बूटची कॉन्फिग फाइल उघडून सिरीयल ८२५० एनआर यूएआरटीज वाली ओळ बघा. तुम्हाला २४ अधिक ४ अधिक मदरबोर्डचा १ म्हणजे २९ लागणार, ३२ पुरतात.

आणि तिन्ही कार्डं आली की स्लॉटच्या पीसीआय पत्त्यावरून यूडेवचा नियम लिहून पोर्टना नावं द्या, कार्ड हलवलं किंवा एखादं काढलं की टीटीवायएसचे आकडे सरकतात आणि मग तुम्ही राउटर समजून भलत्याच मशीनवर टाइप करत असता. कॉन्सर्व्हरच्या फाइलमधे फक्त तीच नावं, आकडे नकोत. केबलच्या दोन्ही टोकांना पण तेच नाव चिकटवा.

रॅकमागचा

३२ केलं, रीबूट केलं, आठही पोर्ट आले. आता जुनाटर्मिनल यांनी सांगितलेली प्लग ओढायची चाचणी उद्या लावतो, बीआरकेचे आकडे इथेच टाकतो.